ताईचं ते पत्र काढून टाक

*प्रिय मावशी,*

*आम्ही तिघी बहिणी. मी मधली, वय ३४, माहीमला आईबरोबर राहते. ताई जाऊन आता अडीच वर्षं होतील. स्तनाचा कर्करोग होता, उपचार परळला टाटा हॉस्पिटलमध्ये. आईचे गुडघे दुखतात आणि धाकटी बंगळूरला नोकरीला, म्हणून सगळ्या फेऱ्या मीच केल्या. तिथेच रक्ततपासणीच्या रांगेत तो भेटला. तो मूळचा चिपळूणचा, नोकरीला मुंबईत. त्याच्या बाबांवर उपचार चालू होते. ज्या आठवड्यात त्यांना सुट्टी मिळाली, त्याच आठवड्यात ताईचा आजार यकृतात पसरल्याचं कळलं. त्याने आणलेला पेढा मी खाल्ला. पुढे आम्ही भेटत राहिलो. आता तो लग्नाचं विचारतोय आणि मी दर वेळी ‘जरा थांब’ म्हणते.*

*गेल्या पावसाळ्यापासून मी कादंबरी लिहितेय. प्रेमकथाच आहे. दोन बहिणी, त्यातली मोठी जाते, लहान हळूहळू सावरते, रिस्क घ्यायला शिकते आणि प्रेमात पडते. पाच भाग केलेत: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. नायक वर्षश्राद्धानंतर मैत्रिणीच्या साखरपुड्यात भेटतो. कामशेतला पॅराग्लायडिंग करताना नायिकेची भीती जाते. शेवटी कपाटात ताईने लिहून ठेवलेलं पत्र सापडतं, ‘माझ्यासाठी थांबू नकोस, सुखी हो.’ मग ती त्याला हो म्हणते. पण ते ‘हो’ लिहायला बसले की हातच चालत नाही.*

*धाकटीने काही पानं वाचली आणि म्हणाली, ‘ताईच्या मरणावर लव्हस्टोरी लिहितेस? आणि मला असं दाखवलंयस?’ तेव्हापासून कामापुरतंच बोलते. कादंबरी पूर्ण करू की फाडून टाकू? आणि त्याला काय सांगू? चार प्रकरणं सोबत जोडली आहेत.*

*– मधली*

प्रिय मधली,

फाडू नकोस. आधी एवढं सांगते, मग बाकीचं बोलू.

तुझं पत्र आणि चारही प्रकरणं मी एका बैठकीत वाचली. वाचताना एका गोष्टीशी अडले. पत्रात तो ताई असतानाच भेटतो, आणि कादंबरीत ताईचं वर्षश्राद्ध उरकल्यावर. तू तारीख बदललीस. लेखकाने हवी ती तारीख बदलावी, त्याला कोणाची ना नाही. पण ही तू कथेसाठी बदलली आहेस असं मला वाटत नाही. आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर सणवार करत नाहीत आणि वर्षश्राद्ध झालं की नातेवाईक म्हणतात, आता तुम्ही मोकळे. तू नायिकेला त्या ‘मोकळे’च्या पलीकडे नेऊन प्रेमात पाडलंस. म्हणजे तिच्याकडे कोणी बोट दाखवायला नको.

तरीही तो तुझ्या दुसऱ्या प्रकरणात येऊन गेलाच आहे. तुझं तुला कळलंय का, माहीत नाही. नायिका पहाटे ताईची फाइल काखेत धरून रांगेत उभी आहे, पिशवीत मऊ भाताचा डबा आहे, ताईला बाकावर बसवलंय आणि तिला मळमळायला लागलंय. तिथे तू लिहिलंस, ‘मागचा माणूस म्हणाला, तुम्ही जा त्यांच्याकडे, मी नंबर धरतो.’ ती परत येते तेव्हा तिची जागा त्याने राखलेली असते आणि फाइल छातीशी धरलेली असते. त्याला नाव नाही, चेहरा नाही, पुढे कुठे तो दिसतही नाही. चारही प्रकरणांत मला सगळ्यात आवडलेला माणूस तोच. साखरपुड्यातला निळ्या कुर्त्यातला नायक त्याच्यापुढे फिका पडतो.

तेव्हा माझं पहिलं म्हणणं असं: साखरपुडा काढून टाक आणि रांगेतल्या त्या माणसाला नाव दे.

केमोच्या आधी रक्त तपासतात, पांढऱ्या पेशी कमी आल्या तर त्या दिवशी केमो देत नाहीत, पुढची तारीख देतात. हे तुला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे. त्या रिपोर्टची वाट बघत दोन अनोळखी माणसं बाकावर बसली आहेत आणि परीक्षेच्या निकालादिवशी मुलं विचारतात तशी एकमेकांना विचारताहेत, ‘तुमचे काउंट किती आले?’ यांची ओळख अशी होते. तो तिला सांगतो कुठल्या खिडकीला रांग कमी असते, ती त्याला सांगते तोंड आलं की काय खायला द्यायचं. मग एक दिवस दोघं कशावरून तरी हसतात. समोर केईएमच्या बाजूला ॲम्ब्युलन्स वाजत असते, फुटपाथवर बाहेरगावची माणसं चादर अंथरून बसलेली असतात, कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेल का म्हणून चौकशी करत असतं आणि या दोघांना हसू आवरत नाही. आत ताईला सलाईन लावलेलं आहे.

हे लिहिणं अवघड आहे, आणि तुझा हात इथेच अडलाय असं मला वाटतं. तू बहिणीच्या आजारपणात आनंदात होतीस. रोज नव्हे, दिवसभर नव्हे, पण होतीस. परळ स्टेशनला उतरताना आज तो येईल का, हा विचार मनात यायचा. हे तू कोणालाही सांगितलेलं नाहीस, मलाही सरळ सांगितलं नाहीस. तारीख बदललेली दिसली म्हणून मी अंदाज बांधतेय. चुकत असेन तर सोडून दे. चुकत नसेन तर ऐक, त्यात पाप नाही. ताईचे केस गळत होते तेव्हा तिला टोपी आणून देणारी तूच होतीस आणि त्याच्या मेसेजची वाट बघणारीही तूच होतीस. एकाच बाईला एकाच दिवशी दोन्ही करता येतं. ताईची उस्तवार त्यामुळे तसूभरही कमी झाली नाही.

पाच भागांचं म्हणशील तर तेही सोड. ते पाच टप्पे एलिझाबेथ कुबलर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली मांडले, पण त्या बोलल्या होत्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. म्हणजे झालेच तर ते टप्पे ताईचे, तुझे नव्हेत. आणि ते पायऱ्यांसारखे एकामागून एक येतात असंही नाही. १९९९ साली नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासकांनी जे मांडलं ते मला जास्त पटतं. शोकातलं माणूस सारखं इकडून तिकडे जात-येत असतं, कधी गेलेल्याकडे, कधी समोरच्या आयुष्याकडे. सकाळी रडू येतं, दुपारी बँकेत केवायसीसाठी भांडतो, संध्याकाळी पुन्हा तिच्या आवडीची भाजी दिसली की घशात आवंढा. ही ये-जा म्हणजे बिघाड नव्हे, माणूस सावरतं ते तसंच. तुझी कादंबरीही तशी लिही. ‘स्वीकार’ नावाचा भाग आला की आता नायिकेला रडता येणार नाही, असं बंधन तिच्यावर कशाला?

आता पेढा.

त्याच्या बाबांना सुट्टी मिळाली, तुझ्या ताईचा आजार पसरला, आणि तू पेढा खाल्लास. पत्रात याला एकच वाक्य दिलंयस आणि लगेच पुढच्या गोष्टीवर गेलीस. कादंबरीत तर नायकाला बाबाच नाहीत. अगं, तुझ्या प्रेमकथेतला खरा अडथळा हा आहे. प्रेमकथेला अडथळा लागतो, नाहीतर दोघं तिसऱ्या पानावर लग्न करून मोकळी होतील. तू अडथळा म्हणून नायकाची कॅनडातली नोकरी घातलीस, आणि ती त्याने एका परिच्छेदात नाकारली. त्यापेक्षा हे बघ: तिचं त्याच्यावर प्रेम आहे आणि त्याच्या घरी गेली की आरामखुर्चीत बसून पेपर वाचणारे त्याचे बाबा दिसतात. ते तिला प्रेमाने ‘ये गं’ म्हणतात. त्यांचा काही दोष नाही. पण तिला आतून वाटतं, तुम्ही कसे बरे झालात आणि ती कशी नाही? असं मनात आलं म्हणून तिला स्वतःची किळस येते, मग ती लवकर निघते आणि त्याला वाटतं आपलं घर हिला आवडत नाही. अशा दोन माणसांचं पुढे काय होतं ते मला वाचायचंय. पहाटेपर्यंत जागून वाचेन.

आणि तुझं ‘जरा थांब’ कुठून येतं, तेही कदाचित इथेच सापडेल.

कामशेतच्या उड्डाणाचं प्रकरण तू मन लावून लिहिलंयस, डोंगराच्या कडेवरचा वारा अंगाला लागतो वाचताना. तरी ते जाऊ दे. तिथे मागे प्रशिक्षक बांधलेला असतो, डोक्यावर हेल्मेट असतं, आणि खाली उतरल्यावर काहीच बदललेलं नसतं. रिस्क म्हणजे जे बोललं की मागे घेता येत नाही. तुझी नायिका आईला ओट्याशी भाजी निवडताना सांगते, ‘आई, तो मला ताई असतानाच आवडला होता.’ आई काही बोलत नाही, मेथीच्या काड्या बाजूला करत राहते, आणि नायिकेला कळत नाही की आई रागावली आहे की ऐकलंच नाही. हे प्रकरण मला उड्डाणापेक्षा जास्त घाबरवतं.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे कपाटातलं पत्र.

ते काढून टाक. माझ्यावर रागावशील, कारण ते तू रडत रडत लिहिलं असणार. पण ते पत्र ताईचं नाही. तुझी ताई मला पहिल्या प्रकरणात भेटली. न विचारता मोरपंखी ओढणी नेली म्हणून दोन दिवस अबोला धरणारी. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसायला मिळालं तरी बहिणीला अर्धी जागा देणारी आणि वर दादरपर्यंत तिच्या मित्रांना नावं ठेवणारी. पास संपल्याची आठवण करून करून जीव नको करणारी. ती जिवंत होती, मला आवडली, थोडा रागही आला तिचा. मग आजार आला आणि ती गोड बोलायला लागली. शेवटच्या पत्रात तर ती हार घातलेल्या फोटोतून बोलते. मोरपंखी ओढणीवाल्या बाईने ‘माझ्यासाठी थांबू नकोस’ असं लिहिलं नसतं. लिहिलंच असतं तर आधी तो पगार किती घेतो ते विचारलं असतं.

तिला तिचे दोष परत दे. आजारपणात ती तुझ्यावर खेकसली असेल, त्याच्याशी फोनवर बोलताना पाहून टोमणा मारला असेल, किंवा मुळीच लक्ष दिलं नसेल, कारण तिला स्वतःचंच इतकं होतं. ताईला तुमचं कळलं होतं का? हे आता कळायचा मार्ग नाही. तिला ते आवडलं असतं का? तेही नाही. आणि म्हणूनच ते पत्र घालण्याचा तुला मोह झालाय. परवानगी मिळाली की रिस्क उरत नाही. नायिकेने ‘हो’ म्हटलं तर ते ताईने सांगितलं म्हणून, तिला स्वतःला हवं होतं म्हणून नव्हे. मग ते ‘हो’ लिहिताना तुझा हात अडला तर नवल काय? तुझ्या हाताला बरोबर कळलंय.

नायिकेला कपाट उघडू दे. आत ताईचे कपडे असू दे, बँकेची जुनी पासबुकं, न वापरलेली लिपस्टिक, कुठल्याशा केमिस्टची बिलं. पत्र नको. ती सगळं बघून कपाट बंद करेल आणि परवानगीशिवाय त्याला फोन करेल, किंवा करणार नाही.

शेवट मात्र सुखाचाच कर. धाकटी काहीही म्हणो, प्रेमकथेचा वाचकाशी करार असतो, शेवटी दोघांना एकत्र आणायचं. तो पाळायला लाजू नकोस. मला प्रेमकथा आवडतात. दवाखान्याच्या बाकावर, लेडीज डब्यात, पोरं झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बायका त्या वाचतात, कारण तेवढ्या दोनशे पानांत तरी कोणीतरी बाईला काय हवंय ते विचारतं. अशा कथेत मरण आणलं म्हणून मरणाची किंमत कमी होत नाही. बहीण गेल्याचं दुःख शेवटच्या पानावरही तसंच राहू दे. लग्न झालं म्हणून ते भरून निघालं असं दाखवलंस, तर मात्र धाकटी म्हणते ते खरं ठरेल.

धाकटीकडे येते. तिच्या पहिल्या वाक्याचं उत्तर वर दिलं. दुसरं वाक्य, ‘मला असं दाखवलंयस’, तिथे मी तिच्या बाजूने आहे. कादंबरीत तू दोनच बहिणी ठेवल्यास आणि तिसरीला चुलत बहीण करून बंगळूरला पाठवलंस. ती शनिवारी विमानाने येते, सेल्फी काढते, रविवारी रात्री जाते. तू तिच्यावर चिडली होतीस, ते समजतं. रोजच्या फेऱ्या तुझ्या वाट्याला आल्या आणि ती सुटली. पण ज्याला सोमवारी सकाळी लॅपटॉपसमोर बसून दर फोनला दचकावं लागतं, त्याचंही एक आजारपण असतं. तिला ताईचे शेवटचे महिने तुकड्यातुकड्यात मिळाले, ते परत मिळणार नाहीत, आणि तुझ्याकडे ते सगळे आहेत. तुझ्या कादंबरीवर ती जी चिडली आहे, त्यात हा हेवाही असावा.

तिला घरी परत आण. तीन बहिणी ठेव. तिसरी आली की कथा एकदम भरेल, कारण मग दोघींत ताई कोणाची जास्त होती, हे भांडण उभं राहील. तिची नोकरी, शहर, सवयी बदल, ओळखू येईल असं काही ठेवू नकोस. लिहिताना तिला विचारू नकोस, नाहीतर प्रत्येक ओळीला तिचा चेहरा समोर येईल. पूर्ण झालं की छापायला देण्याआधी तिच्या हातात दे आणि तिने एखादं पान नको म्हटलं तर त्या पानावर बसून बोला. पण तिच्याशी बोलायला पुस्तक पूर्ण होईपर्यंत थांबायचं कारण नाही. या आठवड्यात तिला फोन कर, कादंबरीबद्दल नव्हे, ताईबद्दल. ‘तुला ताईचं काय आठवतं?’ एवढं विचार आणि मध्ये बोलू नकोस.

त्याच्याबद्दल. ‘हो’ म्हण की ‘नाही’ म्हण, हे मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तेही कपाटातल्या पत्रासारखंच होईल. मी इतकंच सांगते की उत्तर देण्याआधी त्याला पेढ्याचं सांग. ‘तुझे बाबा घरी गेले तेव्हा मला तुझा राग आला होता, अजूनही कधीकधी येतो.’ तो दुखावेल. गप्प बसेल. किंवा सांगेल की त्यालाही ताईकडे बघताना अपराधी वाटायचं, म्हणूनच तो पेढे घेऊन तुझ्याकडे आला आणि काय बोलावं ते न कळून डबाच पुढे केला. मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही, आणि ‘जरा थांब’ म्हणत राहिलीस तर कधीच कळणार नाही. हे ऐकून जो माणूस तुझ्यासमोर बसून राहील, त्याच्याशी लग्नाचं बोलता येईल. आणि नोंदणी पद्धतीने करायचं ठरलंच, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं. आईशी बोलायला तेवढे दिवस हाताशी असतात, पण नोटीस देऊन मग आईला सांगू नकोस. तिला तुझ्या तोंडून आधी कळू दे.

एक विचारायचं राहिलं, म्हणून विचारते. झोप लागते का? जेवण जातं का? तू लिहितेस, त्याला भेटतेस, म्हणजे जगण्याशी तुझा धागा तुटलेला नाही. पण वर्ष उलटूनही रोज तीच तगमग राहिली, ताईशिवाय जगण्यात अर्थच वाटेनासा झाला, तर त्याला आता वैद्यकात स्वतंत्र नाव आणि उपचार आहेत. तसं काही असेल तर १४४१६ या सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदत क्रमांकावर फोन कर. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आईसाठीही लागला तर लक्षात ठेव. अडीच वर्षांत तिची कोणी चौकशी केली आहे का, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही.

आणि घरी लिहू नकोस. ताईचं कपाट ज्या घरात आहे त्याच घरात बसून तू कपाटाचं प्रकरण लिहीत असशील, असं मला वाटतं. दादर पूर्वेला नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनची संस्था, माहीमहून फार लांब नाही. तिथल्या संदर्भ विभागात चौकशी कर, शनिवारी दोन तास बसायला मिळतं का बघ. दिवाळी अंकांचे संपादक साधारण पावसाळ्यातच मजकूर गोळा करतात, तेव्हा यंदा पूर्ण कादंबरीच्या मागे न लागता रांगेतलं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून लिहून पाठव. त्यात ताई असू दे, तो असू दे, आणि नंबर धरून ठेवलेली ती फाइल असू दे. पाठवण्याआधी धाकटीला वाचायला दे.

तुझी,
मावशी